तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप

मडगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरी मी, यजमान, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. यजमानांना मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना डेंग्यू होऊन गेला. या पावसात मुलीला झाला. इस्पितळात ठेवावं लागलं, आता बरी आहे. मी घर इतकं स्वच्छ ठेवते, तरी हे का व्हावं? सोसायटीतले म्हणतात, शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथल्या कामगारांनी आजार आणला. त्यांना तिथून हलवा आणि आमच्याकडे रोज धुराची फवारणी करा, असा अर्ज तयार आहे. आजारी पडली ती माझी मुलगी, म्हणून पहिली सही माझी हवी म्हणतात. नळ एक दिवसाआड येतो, म्हणून सासूबाईंनी गॅलरीत दोन निळे ड्रम भरून ठेवलेत. त्यांना त्या हात लावू देत नाहीत. वरचा फ्लॅट वर्षभर बंद असतो, मालक मुंबईला असतात. आता यजमानांना पुन्हा डेंग्यू झाला तर जिवावर बेतेल, असं जो तो सांगतो. रात्री झोप लागत नाही. सही करू का?"

ताई,

मुलगी बरी होऊन घरी आली हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. तुम्ही शेवटी विचारलंत त्याचं उत्तर आधी देते. त्या अर्जावर सही करू नका. अर्ज करायला हवा, पण तो दुसराच. त्याकडे येतेच. आधी तुमची झोप उडवणाऱ्या गोष्टीबद्दल बोलू.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापासून जन्मभराचं संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून मिळणारं संरक्षण मात्र थोडे महिनेच टिकतं. पुढे कधी दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शिरला, तर पहिल्या वेळी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्याला अडवायचं सोडून पेशींमध्ये शिरायला मदतच करू शकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. त्यात मधुमेह असेल तर अधिक जपावं लागतं. लोक सांगतात त्यात एवढं तथ्य आहे. 'जिवावर बेतेल' हे मात्र त्यांनी पदरचं घातलं आहे. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक लोक बरे होतात. आजार गंभीर झाला तरी वेळेत ओळखून नीट उपचार मिळाले, तर मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. डेंग्यूचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना एक तर काही होत नाही, नाहीतर साधा ताप येऊन जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७-१८ मध्ये देशातल्या १५ राज्यांत ५ ते ४५ वर्षं वयाच्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शहरांत सुमारे ७१ टक्के लोकांच्या रक्तात आधीच्या संसर्गाची खूण सापडली. खेड्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. म्हणजे तुमच्या इमारतीत 'मला कधीच झाला नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी अनेकांना तो नकळत होऊन गेलेला असणार. त्यांचाही पुढचा संसर्ग दुसरा ठरेल. तेव्हा जे यजमानांसाठी कराल ते सगळ्यांसाठीच करा.

यजमानांना ताप आला तर दोन दिवस घरी काढून बघू, असं करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तीन वर्षांपूर्वीचा डेंग्यू, मधुमेह आणि मुलीचा ताजा आजार, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता स्वतः सांगा. डेंग्यू आहे का ते बघायला पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस-वन ही तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम ही. पावसात आपल्याकडे मलेरिया आणि लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) असतो, तेव्हा डॉक्टर त्यांच्या तपासण्या करायला सांगतील तर कंटाळू नका. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंग फार दुखतं म्हणून कोपऱ्यावरच्या फार्मसीतून वेदनाशामक आणून देण्याची सवय आपल्यात फार आहे, ती या दिवसांत पूर्ण बंद ठेवा. यजमान हृदयासाठी अॅस्पिरिन घेत असतील तर ती परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. पाणी, पेज, शहाळ्याचं पाणी, ओआरएस थोडं थोडं पण सतत पोटात जाऊ द्या. साखरेकडे लक्ष ठेवा आणि लघवी नीट होते की नाही ते विचारत राहा.

खरी जागरूकता हवी ती ताप उतरताना. ताप गेला की घरातले सुटकेचा नि:श्वास टाकतात, माणूस अंघोळ करून उठून बसतो, आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप लागणं, हातपाय गार पडणं, कमालीची सुस्ती किंवा उलट विनाकारण अस्वस्थपणा, यातलं काहीही दिसलं तर मडगावचं जिल्हा इस्पितळ हाकेच्या अंतरावर आहे, तिथे न्या. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळ उजाडायची वाट पाहू नका.

मुलीच्या वेळी प्लेटलेट्सच्या आकड्याने तुमचा जीव घाबरा झाला असेल. सगळ्यांचा होतो. आकडा खाली आला की घरातले रक्तदाते शोधत धावपळ सुरू करतात. पण रक्तस्राव होत नसेल तर आकडा १०,०००च्या खाली जाईपर्यंत बाहेरून प्लेटलेट्स देण्याची सहसा गरज पडत नाही. डॉक्टर आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष रक्त किती दाट झालंय, रक्तदाब किती आहे आणि लघवी किती होते याकडे देतात. शेजारणींनी पपईच्या पानांचा रस सुचवला असेलच. त्याने कोणाचा जीव वाचतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या, तर ती धोक्याची उलटी की रसाची हे डॉक्टरांना कळणं अवघड होतं.

घरात कोणालाही ताप आला की त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ताप असेपर्यंत विषाणू रक्तात असतो. त्या काळात चावलेला डास आठ-दहा दिवसांनी स्वतः रोग पसरवू लागतो. हा डास दिवसा चावतो. सकाळी, आणि ऊन कलल्यावर काळोख पडेपर्यंत तो जास्त चावतो, पण घराच्या अंधाऱ्या खोलीत दुपारीही सोडत नाही. आपल्याकडे दुपारी जेवून पडायची पद्धत आहे. रात्री मच्छरदाणी लावणारी माणसं दुपारी मात्र पंख्याखाली उघडी झोपतात. सासूबाईंना दुपारीही जाळीत झोपायला सांगा.

आता स्वच्छतेचं. ताई, तुमचा काही दोष नाही. मी आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा लख्ख पुसलेल्या घरांतल्या बायका अगदी असंच विचारायच्या, आणि त्या प्रश्नात लाज असायची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात अंडी घालत नाही. त्याला साठवलेलं, नितळ पाणी लागतं, आणि तेही फार नको. तुळशीच्या कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, गच्चीवर पडलेली करवंटी, सगळं त्याला पुरतं. पावसाळ्यात आपण झडीपासून बचावासाठी ताडपत्री बांधतो आणि ती उडू नये म्हणून वर जुने टायर ठेवतो. ताडपत्रीच्या खोलगट भागात आणि टायरमध्ये साचलेलं पाणी खाली उभं राहून दिसतच नाही. चढून बघावं लागतं.

राहिले सासूबाईंचे ड्रम. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. नळाचा भरवसा नसलेल्या घरात पाणी साठवावंच लागतं, आणि ज्या बाईने विहिरीवरून कळशा वाहिल्या आहेत तिला भरलेलं पाणी ओतून टाक म्हणणं फार जिव्हारी लागतं. ड्रम राहू द्या. पाणी ठेवण्याची पद्धत तेवढी बदला. ड्रमचं झाकण सैल असेल तर जुन्या सुती साडीचं कापड दुहेरी करून तोंडावर ताणून बांधा, सुतळीने, फट न ठेवता. पाणी काढून झालं की पुन्हा बांधायचं. आठवड्यातून एक ठरलेला दिवस ड्रम पूर्ण रिकामा करायचा. पाणी फेकायचं नाही, लादी पुसायला, संडासात, झाडांना वापरायचं. मग आतली बाजू नारळाच्या सोडणाने किंवा काथ्याने खसाखसा घासायची. नुसतं रिकामं करून भागत नाही, कारण डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून अंडी घालते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. हे काम सासूबाईंच्याच देखरेखीखाली होऊ द्या. वार त्यांनाच ठरवू द्या. तुमच्यापेक्षा त्या तो जास्त कडक पाळतील, अशी माझी खात्री आहे.

तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात ती गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. वरचा बंद फ्लॅट.

एडिस फार लांब उडत नाही. बहुतेक डास जन्मले त्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरांतच आयुष्य काढतात. तुमच्या मुलीला चावलेला डास घरातला असेल, जिन्यातला असेल, शाळेतला किंवा शिकवणीच्या वर्गातलाही असेल, ते आता कळणार नाही. पण वर्षभर बंद असलेल्या घरात काय होतं ते बघा. न वापरलेल्या कमोडमध्ये आणि फ्लशच्या टाकीत पाणी तसंच राहतं. न्हाणीघराच्या जाळीखाली पाणी राहतं. गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये पाऊस साचतो. आरोग्य कर्मचारी घरोघर तपासणीला येतात, बेल वाजवतात, कुलूप बघतात आणि पुढच्या दाराकडे वळतात. दुसरं ते काय करणार?

आणि कुलपं काय फक्त तुमच्या इमारतीत आहेत? मुलं आखातात, इंग्लंडमध्ये, पोर्तुगालमध्ये गेली आणि मागे घर बंद. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेले फ्लॅट बंद. भावांच्या वाटणीचा खटला चाललाय म्हणून वाडवडिलांचं मोठं घर बंद, कौलं फुटलेली, राजांगणात तळं साचलेलं. गोव्यात मोसमाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्या घराची कोणी वास्तपुस्त करत नाही तिथे तो कुठे कुठे साठून राहत असेल, याचा विचार केला की मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो. घर घेणं परवडतं, मग पावसाच्या दिवसांत आठवड्याला एकदा कोणाला तरी आत पाठवणं का परवडू नये?

तुमच्या सेक्रेटरींना सांगा, मालकांना आजच फोन लावा. किल्ली सोसायटीकडे किंवा एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवायला सांगा आणि एकदा दोघातिघांनी मिळून आत जा. कमोडचं झाकण बंद करून वर प्लॅस्टिक चिकटवा, जाळ्या झाका, कुंड्या-बादल्या पालथ्या घाला, गॅलरी बघा. त्याचे फोटो मालकांना पाठवा, म्हणजे त्यांनाही विश्वास वाटेल. मुलगी आजारी पडली हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा. दोष देऊ नका, नुसतं सांगा. माणसं ऐकतात. त्यांनी नाहीच ऐकलं तर शहरी आरोग्य केंद्राला लेखी कळवा.

आता कामगार. गोव्यातल्या लोकांच्या मनात बांधकाम आणि ताप यांची जोडी बसली आहे ती मलेरियामुळे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पणजी आणि कांदोळीच्या बाजूला बांधकामं वाढली तशी मलेरियानेही उचल खाल्ली. बांधकाम मजुरांचं रक्त तपासून त्यांना आरोग्य कार्ड देण्याची पद्धत आली ती त्यातून. मलेरियाचा जंतू माणसाच्या शरीरात महिनोन् महिने राहू शकतो, म्हणून त्या तपासणीला अर्थ आहे. डेंग्यूचं तसं नाही. विषाणू रक्तात जेमतेम आठवडाभर असतो. तो बिहार-झारखंडातून आलेल्या मजुराच्या अंगात असू शकतो, तसाच पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या, पर्यटकाच्या किंवा वास्कोला रोज कामावर जाणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याच्या. माणसं हलवून काही साधत नाही. पाणी तिथेच राहतं.

त्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांचा विचार करा. मच्छरदाणी नाही, पाणी उघड्या पिंपांत, रात्रपाळीचा राखणदार दिवसा झोपतो म्हणजे नेमका डासाच्या वेळेला. ताप आला तर खाडा, खाडा झाला तर मजुरी नाही, म्हणून ताप अंगावर काढतात. डेंग्यूचा सगळ्यांत जास्त धोका कोणाला असेल तर त्यांनाच.

बांधकामाच्या जागी पैदास होते हे मात्र खरं आहे, आणि त्याची जबाबदारी बिल्डरची व कंत्राटदाराची आहे. स्लॅबवर सोडलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, तळघर, पाण्याच्या टाक्या, पिंपं हे सगळं त्यांच्या ताब्यात असतं. म्हणून अर्ज लिहा तो त्यांच्या नावाने, आणि प्रत शहरी आरोग्य केंद्राला व नगरपालिकेला. मागण्या स्पष्ट लिहा. लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसावं. जे पाणी काढता येत नाही त्यात अळीनाशक टाकावं किंवा गप्पी मासे सोडावेत. पिंपांना झाकणं द्यावीत. कामगारांना मच्छरदाण्या द्याव्यात आणि ताप आल्यास तपासणीला न्यावं. गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५चा आहे. डासांची पैदास होऊ देणाऱ्यावर त्याखाली कारवाई करता येते, तेव्हा अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. त्या अर्जावर पहिली सही तुमची असू द्या.

फवारणीची मागणी त्यात घालू नका. धूर सोडला की काहीतरी झालं असं वाटतं. पण धुराने मरतो तो त्या क्षणी बाहेर उडणारा डास. एडिस बसलेला असतो घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत. आपण धुराच्या वासाने खिडक्या लावून घेतो, मग तो सुरक्षितच. पाण्यातल्या अळ्यांना तर धुराचा काहीच उपद्रव नाही. एकाच वेळी अनेक रुग्ण निघाले तर आरोग्य खातं फवारणी करतं आणि ती योग्यच आहे, पण रोजच्या फवारणीने तुमचे ड्रम आणि वरचा फ्लॅट सुधारणार नाही. लशीचंही कोणी विचारेल. भारतात तयार झालेल्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. अशी लस प्रत्यक्ष हाती येईपर्यंत पाण्यावर नजर ठेवणं कोणालाच चुकत नाही.

सोसायटीची सभा गणेश चवथीच्या आधी घ्या, आणि शहरी आरोग्य केंद्रात जाऊन एखाद्या आरोग्य कर्मचाऱ्याला सभेला बोलवा. बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या एकदा डोळ्यांनी पाहिल्या की कामगारांवरची चर्चा आपोआप थांबते आणि लोक गच्चीवर चढतात, हे मी पाहिलं आहे.

आणि ताई, चवथीला तुम्हीही गावच्या घरी जाणार. अख्खी इमारत जाणार. भर पावसात सगळ्याच मजल्यांवर कुलपं लागतील. निघण्याच्या दिवशी दोन्ही ड्रम रिकामे करून, घासून, पालथे घाला. फ्रिज बंद करणार असाल तर मागचा ट्रे काढून पुसा. कुंड्यांखालच्या थाळ्या उचला, कमोडची झाकणं लावा, न्हाणीघराच्या जाळ्या झाका. वॉचमनकडे गच्चीची किल्ली द्या आणि मोठा पाऊस होऊन गेला की वर जाऊन ताडपत्री झटकायला सांगा. गावच्या घरीही पोचल्याबरोबर, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला घेण्याआधी, मागीलदारी एक फेरी मारा. घर बरेच दिवस बंद असेल तर तिथले डास आधीच तयार असतील. यजमानांची औषधं, त्यांचे जुने रिपोर्ट आणि एक मच्छरदाणी सामानात बरोबर घ्या.